ओझे वाहणारे अस्वल

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचे अवशेष आहेत. छप्पर केव्हाच गेले, पण जमिनीत बसवलेल्या पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा बऱ्याचशा जागेवर आहेत, आणि त्यांतल्या काहींवर मजकुराच्या डोक्याशी एक ढाल, ढालीवर शिरस्त्राण आणि शिरस्त्राणाच्या दोन्ही अंगांनी पानांसारखी उलगडत गेलेली नक्षी कोरलेली दिसते. शाळेच्या दिवसांत सुट्टी लागली की आम्ही मुले तिथे जात असू आणि एका शिळेवरून दुसरीवर उड्या मारत असू. खाली कोणीतरी निजलेले आहे हे ठाऊक असूनही त्याचे काही वाटत नसे, कारण मजकूर आम्हांला वाचता येत नव्हता आणि त्या ढालींना आम्ही सरळ ‘शिक्के’ म्हणत होतो. चिमाजी अप्पांनी 1739 साली किल्ला घेतला त्याच्या आधीचे हे लोक, एवढा इतिहास आम्हांला पुरेसा होता.

पुढे 1998 साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला. त्यानंतर केव्हातरी शेजारच्या कॅथलिक कुटुंबाकडे आलेल्या एका पत्राच्या शिरोभागी मला पुन्हा तशीच ढाल दिसली, पण ह्या वेळी तिच्यावर शिरस्त्राण नव्हते. त्या जागी रुंद काठाची हिरवी टोपी होती, टोपीला दोन्ही बाजूंनी दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांना गोंडे लोंबत होते. ढालीच्या मागून क्रूस डोकावत होता आणि खाली फितीवर ब्रीदवाक्य होते. “बिशपांचा शिक्का आहे,” शेजारच्या काकांनी सांगितले. म्हणजे शब्द आमचाच निघाला. पण लढणाऱ्या माणसाची ढाल धर्मगुरूच्या कागदावर कशी येऊन बसली, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला.

मराठीत ह्या चित्राला आपण कुलचिन्ह म्हणतो आणि ह्या शास्त्राला कुलचिन्हशास्त्र. शब्द चांगला आहे, पण बिशपाच्या बाबतीत तो अडखळतो. आपल्याकडे देवक असते, पंचपल्लव असो, कळंब असो की मोराचे पीस. ते कुळाचे असते, बापाकडून मुलाकडे येते आणि लग्नात त्याची पूजा होते. युरोपातल्या ढालीवरचे चित्रही असेच वंशाने चालत आलेले आहे. फ्रान्समधल्या आंजूचा सरदार जेफ्री 1151 साली वारला. त्याच्या थडग्यावर बसवलेल्या मीनाकारीच्या पत्र्यावर त्याच्या हातातल्या निळ्या ढालीवर सोनेरी सिंह दिसतात, आणि तेच सिंह पुढे इंग्लंडात सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा नातू विल्यम लाँगस्पे ह्याच्या थडग्यावरच्या ढालीवर आढळतात. ढालीवरची खूण आजोबांकडून नातवाकडे गेल्याचा हा अगदी सुरुवातीच्या काळातला पुरावा मानतात. मग ज्याने लग्नच करायचे नाही, ज्याला मुलगा नाही आणि नातू नाही, अशा माणसाच्या चिन्हाला कुलचिन्ह कसे म्हणावे? त्याचे कूळ कोणते?

बिशपाकडे ढाल कशी आली, ह्याचे कारण व्यवहारातले आहे. मध्ययुगात बिशप हा जमिनींचा मालक, न्याय देणारा, करार करणारा अधिकारी होता आणि कागदावर त्याची मोहोर लागत असे. मोहोरेवर काहीतरी चित्र हवे होते, आणि तेराव्या शतकापर्यंत भोवतालच्या सरदारांच्या मोहोरांवर ढाली आल्या होत्या. तशी ती बिशपांच्या मोहोरांवरही आली. काही बिशप तर प्रत्यक्ष राज्यही करत. इंग्लंडातल्या डरहॅमच्या बिशपाच्या चिन्हात आजही मेंढपाळाच्या काठीबरोबर तलवार आहे. बाकीच्यांनी मात्र शिरस्त्राण उतरवले आणि त्या जागी टोपी ठेवली. ही टोपी मुळात ऊनपावसात डोके झाकणारी, यात्रेकरूची. चौथे इनोसंट ह्या पोपांनी 1245 च्या लियोंच्या धर्मपरिषदेच्या वेळी कार्डिनलांना, म्हणजे पोपांच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांना, तांबडी टोपी दिली, आणि तांबडा रंग म्हणजे श्रद्धेसाठी रक्त सांडण्याची तयारी, असा त्याचा अर्थ लावला गेला. हळूहळू टोपीचा रंग आणि गोंड्यांची संख्या ठरत गेली. हिरव्या टोपीला दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे असले तर बिशप, दहा-दहा असले तर आर्चबिशप; तांबड्या टोपीला पंधरा-पंधरा असले तर कार्डिनल. आर्चबिशपांच्या ढालीमागच्या क्रूसाला एकाऐवजी दोन आडव्या पट्ट्या असतात. एवढे लक्षात ठेवले की कुठल्याही चर्चच्या दारावरचे चिन्ह लांबूनही ओळखता येते, आणि गोंडे मोजण्याचा छंद एकदा लागला की सुटत नाही, हे अनुभवाने सांगतो.

पूर्वी कार्डिनल वारला की त्याची ती प्रत्यक्षातली तांबडी टोपी त्याच्या थडग्यावर छताला टांगून ठेवत, आणि ती कुजून आपोआप खाली पडेपर्यंत कोणी काढत नसे. टोपी पडली की आत्मा स्वर्गात पोहोचला, असे लोक म्हणत. पोप सहाव्या पॉल ह्यांच्या काळात, 1969 च्या मार्चमध्ये निघालेल्या एका सूचनापत्रानंतर ती टोपी प्रत्यक्षातून गेली आणि आता ती फक्त चित्रात उरली आहे. त्याच सूचनापत्राने बिशपांच्या चिन्हातून उभा टोकदार टोप आणि मेंढपाळाची काठीही काढून टाकली. चिन्ह साधे आणि स्पष्ट असावे, असा आग्रह होता.

रंगांचा नियमही असाच स्पष्टपणासाठी आहे. सोने आणि रुपे, म्हणजे चित्रात पिवळा आणि पांढरा, हे ‘धातू’. तांबडा, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू चालत नाही आणि रंगावर रंग चालत नाही. पिवळ्यावर पांढरे लांबून वाचता येत नाही, हे आपल्याकडच्या पाटी रंगवणाऱ्या कोणत्याही पेंटरला शिकवावे लागत नाही. रणांगणावरच्या धुळीत तर ते जिवावर बेतले असते. आणखी एक गंमत म्हणजे इथले उजवे-डावे ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. आपण समोर उभे राहून जिला डावी बाजू म्हणतो ती ढालीची उजवी, आणि मान तिला अधिक. चित्र पाहणाऱ्याने आधी मनातल्या मनात ढालीच्या मागे जाऊन उभे राहायचे, असा हा रिवाज आहे.

हे सगळे मी जमेल तसे जमवत होतो, पण एखादे बिशपचिन्ह मुळापासून उलगडून पाहण्याचा योग आला तो जर्मनीतल्या बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात. मुलगी म्युनिकला नोकरी करते. तिच्याकडे गेलो असताना एका शनिवारी नातीला घेऊन फ्रायझिंगला गेलो. म्युनिकचा विमानतळ खरे तर ह्याच गावाच्या शेजारी आहे, त्यामुळे हजारो माणसे फ्रायझिंगच्या अंगणात उतरतात आणि गाव न पाहता निघून जातात. गावात एक टेकडी आहे, टेकडीवर कॅथेड्रल आहे, आणि कॅथेड्रलच्या तळघरात इथले पहिले बिशप मानले जाणारे संत कोर्बिनियन ह्यांचे अवशेष ठेवलेले आहेत. वर 1724 साली आझाम बंधूंनी धर्मप्रांताच्या हजाराव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी केलेली सजावट इतकी दाट आहे की डोळा ठरत नाही. खालचे तळघर मात्र जुने, थंड आणि जवळजवळ मुके. त्यातल्या एका खांबावर माणसे आणि अक्राळविक्राळ प्राणी एकमेकांना भिडलेले कोरलेले आहेत. नातीला वरच्या सोन्यापेक्षा हा खांब अधिक आवडला. मलाही.

याच कॅथेड्रलमध्ये 29 जून 1951 रोजी पुढे पोप झालेले योसेफ रात्सिंगर आणि त्यांचे थोरले बंधू गेओर्ग ह्यांची एकाच दिवशी गुरुदीक्षा झाली, म्हणजे ते धर्मगुरू झाले. रात्सिंगर विद्यार्थी म्हणून इथेच राहिले आणि काही वर्षे त्यांनी इथे शिकवलेही. पुढे प्राध्यापकी करत ते निरनिराळ्या विद्यापीठांत फिरले, आणि 1977 साली, पन्नाशीत, पुस्तकांत रमलेल्या ह्या माणसाला सहाव्या पॉलनी म्युनिक आणि फ्रायझिंगचे आर्चबिशप केले. आर्चबिशप झाले म्हणजे ढाल आली. त्यांनी तीन आकृत्या निवडल्या, आणि 19 एप्रिल 2005 रोजी सोळावे बेनेडिक्ट म्हणून पोप झाल्यावरही त्याच तीन ठेवल्या: मुकुट घातलेल्या मूर, म्हणजे काळ्या आफ्रिकी, माणसाचे मस्तक, शिंपला आणि पाठीवर बोचके बांधलेले अस्वल.

ह्या तिघांत मूर त्यांचा नव्हता. फ्रायझिंगच्या बिशपांच्या चिन्हात हे काळे मस्तक 1316 सालापासून आहे. तांबडा मुकुट, तांबडा गळपट्टा आणि तांबडे ओठ. तो कोण आणि तिथे का आला, ह्याचा पत्ता कोणालाच नाही. एके काळी फ्रायझिंगच्या बिशपांच्या ताब्यात असलेल्या आणि आता स्लोव्हेनियात असलेल्या श्कोफया लोका ह्या गावाच्या चिन्हातही हाच मूर आहे, आणि तिथली दंतकथा अशी की बिशप अब्राहम प्रवासात असताना वाटेत अस्वल आडवे आले आणि त्यांच्या काळ्या सेवकाने ते मारून त्यांचा जीव वाचवला. बिशपांनी त्याचे मस्तक चिन्हावर घालून उपकार फेडले. दंतकथाच ती, पण फ्रायझिंगच्या गोष्टींत अस्वल पुन्हा पुन्हा वाट अडवते, ह्याची मला मौज वाटली. रात्सिंगरांनी स्वतःपुरता अर्थ लावला की चर्चला वंश आणि वर्ग ह्यांचे भेद नाहीत, हे ते मस्तक सांगते. अर्थ उदार आहे. तरीही ते जाड तांबडे ओठ रंगवण्यामागची युरोपची जुनी नजर आजच्या पाहणाऱ्याला टोचते, आणि ती टोचू नये असे मी म्हणणार नाही. तरी कोणाही एकट्या आर्चबिशपाने ते काढायचे ठरवणे सोपे नाही, कारण ते त्याचे नसते. ते धर्मप्रांताचे. रात्सिंगरांच्या आधीच्यांच्या ढालीवर ते होते, आणि नंतर आलेल्या व्हेटर आणि मार्क्स ह्या आर्चबिशपांच्या ढालींवरही आले.

माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. बिशपाचे कूळ म्हणजे त्याची गादी. ढालीचा एक भाग गादीबरोबर हातात येतो आणि गादीबरोबरच पुढे जातो. उरलेला भाग त्या माणसाचा, एका आयुष्यापुरता. त्याला वारस नसतो. सरदाराची ढाल नातवाच्या थडग्यावर पुन्हा उगवते, बिशपाच्या ढालीचा स्वतःचा भाग मात्र त्याच्याबरोबर संपतो. म्हणूनच त्याने त्यात काय घातले ह्याला अर्थ आहे, कारण ते पूर्वजांनी दिलेले नसते आणि वंशजांसाठीही नसते. पोप दुसऱ्या जॉन पॉलनी निळ्या ढालीवर एका बाजूला सरकवलेला सोनेरी क्रूस आणि त्याच्याखाली मरियामातेसाठी ‘एम’ हे अक्षर घेतले. ढालीवर अक्षर घालणे हे जाणकारांच्या दृष्टीने दुबळे काम, पण त्यांनी ते सोडले नाही. पोप फ्रान्सिस ह्यांच्या चिन्हातले संत योसेफांसाठी घातलेले जटामांसीचे फूल पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना द्राक्षांचा घड वाटला. स्वतःची निवड म्हटली की असे गैरसमजही पदरात येतात.

रात्सिंगरांच्या शिंपल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. चौथ्या-पाचव्या शतकातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन समुद्रकाठी त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ह्या गूढाचा, विचार करत फिरत असताना त्यांना एक मूल दिसले; ते शिंपल्याने समुद्राचे पाणी वाळूतल्या खळग्यात ओतत होते. एवढा समुद्र ह्या खळग्यात कसा मावेल, असे त्यांनी विचारले, तेव्हा तुझ्या डोक्यात देव कसा मावेल, असे उत्तर आले. ज्याचा प्रबंधच ऑगस्टीनवर होता त्या प्राध्यापकाने आपल्या ढालीवर हा शिंपला घ्यावा, ह्यात विद्वत्तेची स्वतःलाच मारलेली एक टपली आहे. शिंपला यात्रेकरूंचीही खूण आहे, आणि रेगेन्सबुर्गमधल्या ज्या जुन्या मठात धर्मगुरूंचे शिक्षण चालते त्या मठाच्या चिन्हातही शिंपला आहे. तिथल्या विद्यापीठात रात्सिंगरांनी 1969 पासून शिकवले. एका आकृतीत तीन धागे.

पण ह्या ढालीचा प्राण अस्वलात आहे. कोर्बिनियन रोमला निघाले होते. आल्प्सच्या जंगलात अस्वलाने त्यांचा ओझ्याचा घोडा फाडला. संतांनी अस्वलाला दटावले आणि घोड्याच्या पाठीवरचे बोचके अस्वलाच्या पाठीवर बांधले. ते बिचारे रोमपर्यंत ते घेऊन गेले, आणि तिथे पोहोचल्यावर संतांनी त्याला मोकळे सोडले. गोष्ट एवढीच. माझ्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन दारावर येत असे आणि मुलाची भीती जावी म्हणून त्याला त्या अस्वलाच्या पाठीवर बसवत. मलाही बसवले होते. राठ केस आणि खालून जाणवणारी धग एवढे आठवते. त्या अस्वलाच्या नाकात वेसण होती. फ्रायझिंगच्या अस्वलाला वेसण नाही; बोचक्याचे पट्टे तेवढे आहेत, आणि ढालीवर ते चालत असते, उभे नसते.

रात्सिंगरांनी 1977 पर्यंतच्या आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा शेवट ह्याच अस्वलावर केला. त्यांनी ते ऑगस्टीनशी जोडले. ऑगस्टीनलाही अभ्यासात आयुष्य घालवायचे होते, पण हिप्पो गावच्या लोकांनी त्याला अक्षरशः धरून धर्मगुरू केले आणि पुढे तो बिशप झाला. स्तोत्रसंहितेच्या त्र्याहत्तराव्या स्तोत्रात ‘मी तुझ्यापुढे पशूसारखा झालो आहे’ अशा अर्थाची ओळ आहे. ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिन पाठात तिथे ओझ्याच्या, राबणाऱ्या जनावराला लावायचा शब्द होता. ऑगस्टीनने त्यात स्वतःला पाहिले, आणि रात्सिंगरांनी ऑगस्टीनमध्ये. रोममध्ये सुटल्यावर अस्वल इटलीतल्याच अब्रुत्सीच्या डोंगरांत गेले की आल्प्सकडे परतले, ह्याच्याशी दंतकथेला देणेघेणे नाही, असे ते लिहितात. मी मात्र माझे ओझे घेऊन रोममध्ये आलो आहे आणि केव्हा सुटका होईल ते ठाऊक नाही, असा त्यांच्या पुढच्या म्हणण्याचा आशय आहे. पंचाहत्तरीनंतर निवृत्त होऊन लिहीत बसावे अशी त्यांची इच्छा होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते पोप झाले. पोप म्हणून 2006 च्या सप्टेंबरात म्युनिकला आले तेव्हा ते म्हणाले की संत कोर्बिनियनच्या अस्वलाला रोममध्ये सोडून दिले होते, माझ्या बाबतीत प्रभूने वेगळे ठरवले.

पोप झाल्यावर त्यांच्या चिन्हात दोन बदल झाले. पोपांच्या चिन्हावरचा तिहेरी राजमुकुट गेला आणि त्या जागी बिशपाचा साधा टोप आला. 1969 साली बिशपांच्या चिन्हातून जो काढला होता तोच, पोपांच्या डोक्यावर. दुसरा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ढालीखाली पॅलियम आले, म्हणजे मेंढीच्या लोकरीची ती पट्टी, जी आर्चबिशप खांद्यांवर घेतात. पोपांच्या चिन्हात ती पूर्वी नव्हती. पदग्रहणाच्या प्रवचनात त्यांनी तिचा अर्थ सांगितला होता: हे जू आहे, आणि मेंढपाळाने खांद्यावर उचलून घेतलेले हरवलेले कोकरूही आहे. म्हणजे ढालीवर अस्वलाच्या पाठीवर ओझे आणि ढालीखाली माणसाच्या खांद्यावर ओझे.

एप्रिल 2009 मध्ये इटलीत लाक्विला शहराला भूकंपाने उद्ध्वस्त केले. त्या महिन्याच्या 28 तारखेला बेनेडिक्ट तिथे गेले, आणि पडझड झालेल्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेल्या पाचव्या सेलेस्टीन ह्यांच्या देहावर त्यांनी पदग्रहणाच्या वेळी मिळालेले आपले पॅलियम ठेवले आणि तिथेच सोडून दिले. सेलेस्टीन म्हणजे 1294 साली पोपपद स्वतःहून सोडणारा साधू. त्या दिवशी कोणी फारसा अर्थ काढला नाही; 28 फेब्रुवारी 2013 रोजी बेनेडिक्टनीही पद सोडले तेव्हा सगळ्यांना ते आठवले. मला मात्र नकाशा पाहताना दुसरीच गोष्ट जाणवली. लाक्विला अब्रुत्सीच्या डोंगरांत आहे. आठवणी लिहिताना ज्या दोन वाटा त्यांनी अस्वलासाठी मोकळ्या ठेवल्या होत्या त्यांतली एक हीच. हा निव्वळ योगायोग असेल. ते स्वतः ना अब्रुत्सीत गेले ना आल्प्सकडे परतले. व्हॅटिकनच्या आवारातल्या एका मठात राहिले आणि 31 डिसेंबर 2022 रोजी तिथेच वारले.

टेकडी उतरून आम्ही स्टेशनाकडे निघालो. फ्रायझिंग शहराच्या चिन्हातही बोचकेवाले अस्वल आहे, त्यामुळे वाटेत ते पुन्हा पुन्हा भेटत होते, आणि नात प्रत्येक ठिकाणी बोट दाखवत होती. तिला मी सकाळी गोष्ट सांगितली होती. गाडीत बसल्यावर बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, अस्वलाला सोडलं ना? मग त्याच्या पाठीवरचं सामान परत येताना कोणी आणलं?” मी तिला सांगितले की गोष्टीत ते दिलेले नाही. “चित्रात तर अजून त्याच्याच पाठीवर आहे,” ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.